चार तास म्हणजे नक्की किती? एसएलए पहिल्यांदाच वाचणाऱ्यांसाठी

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याची इंटरनेट लाइन गेली. मालकांनी लगेच तक्रार नोंदवली, तिकीट नंबर मिळाला. करारात 'चार तासांत दुरुस्ती' असं छापलेलं होतं, म्हणून ते निर्धास्तपणे घरी गेले. लाइन सुरू झाली सोमवारी दुपारी सव्वा वाजता. मालकांनी दंडाचा हिशोब मांडून मेल टाकला. कंपनीचं दोन ओळींचं उत्तर आलं: एसएलए (सेवेच्या हमीचा करार) पाळला गेला आहे.

आणि तो खरंच पाळला गेला होता. त्या कारखान्याचे कॉम्प्युटर आणि नेटवर्क मी सांभाळतो, त्यामुळे तो कागद माझ्यासमोर आला. सातव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की तास म्हणजे कामकाजाचे तास, सोमवार ते शनिवार, सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. शनिवारचा अर्धा तास आणि सोमवारचे सव्वातीन तास, झाले पावणेचार. म्हणजे उलट पंधरा मिनिटं आधीच काम झालं होतं!

तेव्हापासून कुठलाही एसएलए हातात आला की मी आकडा नंतर बघतो. आधी घड्याळ शोधतो: ते कधी सुरू होतं, कधी थांबतं आणि कुणाच्या हातात आहे.

एसएलए म्हणजे सर्व्हिस लेव्हल अ‍ॅग्रीमेंट. सरकारी मराठीत 'सेवा पातळी करार', पण बोलताना सगळे एसएलएच म्हणतात. सेवा देणारा किती चांगली सेवा देणार, ती मोजायची कशी आणि कमी पडली तर काय, एवढं त्यात असतं. शब्द इंग्रजी असला तरी गोष्ट आपल्या ओळखीची आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली सरकारी कार्यालयांत फलक लागलेले असतात: कुठला दाखला किती दिवसांत, कोणता अधिकारी देणार, नाही दिला तर अपील कुणाकडे. विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंडाची तरतूदही त्या कायद्यात आहे. सेवा, मुदत, जबाबदार माणूस, चुकल्यास परिणाम. खाजगी एसएलएत हेच चार भाग असतात, फक्त फलक भिंतीवर नसून सातव्या पानावर असतो.

पहिली पायरी: कागद उघडण्याआधी स्वतःचा हिशोब

सेवा एक तास बंद पडली तर आपलं काय अडतं, हे आधी वहीत लिहा. आकडा अंदाजे असला तरी चालेल, पण कुठला तास, हे नेमकं हवं.

टॉवेल कारखान्यात इंटरनेट गेलं म्हणून लूम थांबत नाहीत. ई-वे बिल मोबाईलच्या हॉटस्पॉटवरही निघतं, ट्रक गेटवर अडकून राहत नाही. पण डिस्पॅच आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर क्लाउडवर असेल तर संध्याकाळी चार ते आठ हे तास जिवावरचे, कारण गाड्या तेव्हाच भरतात. हॉस्पिटलमध्ये सकाळची ओपीडी. टॅक्स सल्लागाराच्या ऑफिसात महिन्याची ११ आणि २० तारीख, कारण जीएसटीची दोन मुख्य विवरणपत्रं तेव्हा जायची असतात. गणवेश शिवणाऱ्या युनिटला मे-जून. उरलेल्या वेळी दोन तास बंद राहिलं तर चहा प्यायला सवड मिळते, इतकंच.

हा हिशोब नसेल तर समोरचा जे विकेल ते तुम्ही घ्याल. चादरीच्या दुकानाला चोवीस तासांच्या सपोर्टचे पैसे भरताना मी पाहिलंय, आणि रात्रपाळी चालवणाऱ्या युनिटला 'दहा ते सहा' करारावर सही करतानाही.

दुसरी पायरी: सगळे कागद एकत्र करा

एसएलए बहुतेक वेळा सुटा नसतो. मुख्य कराराचं परिशिष्ट असतो. त्याच्या जोडीला कोटेशन असतं, आपली पर्चेस ऑर्डर असते आणि 'आमच्या संकेतस्थळावरील अटी लागू' असं एक वाक्य असतं. हे सगळं छापून एका फाइलला लावा. यांपैकी दोन कागदांत फरक आला तर कुठला खरा धरायचा, हे सांगणारं कलम मुख्य करारात सापडतं. संकेतस्थळावरच्या अटी कंपनीला आपणहून बदलता येत असतील, तर सहीच्या दिवशीची प्रत जपून ठेवा आणि बदल करण्याआधी लेखी कळवण्याची अट घाला.

विक्रीला आलेला मुलगा जे तोंडी सांगतो त्याला बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात म्हणतात. मुलगा खोटं बोलतो असं नाही. पण सहा महिन्यांनी तो दुसऱ्या कंपनीत असतो. "सर, माझा नंबर घ्या, रात्री दोनला फोन करा," असं तो म्हणाला की मी म्हणतो, "चांगलं आहे की, तेवढं एक ओळ मेलवर टाका." निम्मी आश्वासनं तिथेच विरघळतात.

तिसरी पायरी: टक्क्यांचे तास करा

'९९.५ टक्के अपटाइम' (सेवा चालू राहण्याचा वेळ) वाचलं की शंभरात साडेनव्याण्णव मार्क मिळाल्यासारखं वाटतं. तीस दिवसांचा महिना ७२० तासांचा असतो. त्यात किती वेळ सेवा बंद ठेवायची मुभा मिळते ते बघा:

९९ टक्के: ७ तास १२ मिनिटं
९९.५ टक्के: ३ तास ३६ मिनिटं
९९.९ टक्के: सुमारे ४३ मिनिटं
९९.९९ टक्के: चार मिनिटं आणि वर थोडे सेकंद

आता बघा की हे मोजायचं किती काळावर. महिन्यावर मोजलं तर वरचा हिशोब. तिमाहीवर मोजलं तर ९९.५ टक्क्यांत १० तास ४८ मिनिटं सलग बसतात. वर्षावर मोजलं तर ४३ तास ४८ मिनिटं. आमची शनिवार ते सोमवारची कहाणी ४३ तास ४५ मिनिटांची होती. वर्षभरात बाकी एकदाही लाइन गेली नाही, तर तेवढी एक बंदीही साडेनव्याण्णव टक्क्यांत आरामात खपली असती, तीन मिनिटं शिल्लक ठेवून.

बेरीज सगळं सांगत नाही, हे आपल्या गावात वेगळं शिकवावं लागत नाही. वीज दोनच सेकंद गेली, पण लूम थांबला, धागे तुटले, ते जोडून पुन्हा चालू करायला वेळ गेला. रंगाईत मध्येच मशीन बंद पडलं तर शेड बिघडते आणि अख्खी बॅच हातची जाते. वीज कंपनीच्या नोंदीत मात्र दोन सेकंदच. म्हणून टक्केवारीच्या सोबत 'महिन्यात जास्तीत जास्त किती वेळा' आणि 'एका वेळी जास्तीत जास्त किती वेळ' अशा दोन मर्यादा मागा. छोट्या ग्राहकाला त्या सहसा आपणहून कुणी देत नाही. मागितल्यावर बऱ्याचदा मिळतात.

शिवाय साखळी असते. लाइन ९९.५, सर्व्हर ९९.५, सॉफ्टवेअर ९९.५ आणि तिन्ही वेगवेगळ्या कंपन्यांचे. काम चालायला तिन्ही चालू लागतात, म्हणून टक्क्यांचा गुणाकार होतो: साधारण ९८.५. महिन्याला पावणेअकरा तास. तिघांनीही आपापला शब्द पाळला आणि तुमचा दीड दिवसाचा धंदा बुडाला, असं होऊ शकतं.

चौथी पायरी: घड्याळ

इथे घाई करू नका. पेन्सिल घेऊन बसा.

सुरुवात कधी? सेवा बंद पडल्यापासून, तुम्ही फोन केल्यापासून, तिकीट तयार झाल्यापासून, की त्यांच्या इंजिनिअरने 'बघितलं' असं मान्य केल्यापासून? या चारांमध्ये सहज दोन-तीन तासांचं अंतर पडतं. तिकीट तयार होण्याचा क्षण व्यवहार्य आहे, अट एवढीच की तिकीट तुम्हाला स्वतः मेल किंवा अ‍ॅपवरून टाकता आलं पाहिजे. फोन उचलला नाही तर घड्याळ सुरूच होत नाही, ही व्यवस्था नको.

प्रतिसाद की दुरुस्ती? 'रिस्पॉन्स टाइम ३० मिनिटं' म्हणजे अर्ध्या तासात कुणीतरी तुमच्याशी बोलेल. "तुमची तक्रार मिळाली" असा आपोआप गेलेला मेलसुद्धा काही करारांत प्रतिसाद धरतात. 'रिझोल्यूशन टाइम' म्हणजे बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू होईपर्यंतचा वेळ. नवखा माणूस सगळ्यात जास्त फसतो तो इथे, कारण कोटेशनवर ठळक अक्षरात नेहमी पहिला आकडा असतो.

कुठले तास? चोवीस तास की कामकाजाचे? कामकाजाचे असतील तर कुणाच्या सुट्ट्या? कॉल सेंटर बंगळुरूला असेल तर १ नोव्हेंबरला कन्नड राज्योत्सवाची तिथे सुट्टी असते आणि आपल्याकडे कामाचा दिवस. सुट्ट्यांची यादी कराराला जोडायला सांगा. किरकोळ मागणी वाटते, पण ती केली की समोरच्याला कळतं, गिऱ्हाईक वाचून आलंय.

मध्ये थांबतं का? बहुतेक तिकीट यंत्रणांत 'ग्राहकाकडून उत्तराची वाट' अशी एक अवस्था असते आणि त्या अवस्थेत घड्याळ थांबतं. तत्त्व चुकीचं नाही. राउटरचा फोटो मागितला आणि तुम्ही चार तास पाठवला नाही, तर तो वेळ त्यांच्या माथी का मारायचा? पण मुदत संपायला दहा मिनिटं उरली की "कृपया एकदा राउटर बंद करून चालू करा" असा मेल येतो आणि घड्याळ गोठतं, हेही मी पाहिलं आहे. घड्याळ थांबवताना कारण लेखी नोंदवायचं आणि ग्राहकाचं उत्तर येताच ते पुन्हा चालू करायचं, एवढं कलम पुरतं.

शेवट कुणी ठरवायचा? 'रिझॉल्व्ह्ड' हा शिक्का तेच मारतात. तुम्ही खात्री केल्याशिवाय तिकीट बंद होणार नाही, किंवा ठरावीक तासांत तीच तक्रार पुन्हा आली तर जुनंच तिकीट उघडेल आणि वेळ जुन्यापासून मोजली जाईल, यांपैकी एक हवं. नाहीतर तीन-तीन तासांची पाच तिकिटं होतात आणि रिपोर्टात पाचही वेळेत.

तीव्रतेचंही इथेच उरकून घ्या. पी१ म्हणजे सगळं ठप्प, पी२ म्हणजे मोठा भाग बंद, पी३ आणि पी४ म्हणजे किरकोळ. प्रत्येकाला वेगळी मुदत असते. पी१ कोण ठरवणार, हे लिहिलेलं नसेल तर ते ठरवणार. तुमच्या धंद्यातली दोन-तीन उदाहरणं करारातच लिहून टाका: 'बिलिंग बंद म्हणजे पी१', 'एका प्रिंटरची प्रिंट फिकट म्हणजे पी४'.

पाचवी पायरी: काय वगळलंय

नियोजित देखभाल, तुमच्या जागेतली वीज, तुमची उपकरणं, तिसऱ्याने तोडलेली केबल, नैसर्गिक आपत्ती. ही यादी प्रत्येक करारात असते आणि बरीचशी न्याय्यही असते. तिसऱ्याने तोडलेल्या केबलवर मात्र थांबा. आपल्या शहरात कधी पाइपलाइनसाठी, कधी ड्रेनेजसाठी रस्ता उकरलेला दिसणं नवं नाही, आणि फायबर तुटण्याचं नेहमीचं कारण तेच. ते पूर्ण वगळलं तर हमीत उरलं काय? मी असं सुचवतो: केबल तुटण्यासाठी वेगळी, थोडी सैल मुदत धरा, पण मुदत धराच. ज्यांचं काम खरंच अडतं त्यांनी दुसऱ्या कंपनीची, दुसऱ्या मार्गाने येणारी साधी लाइन घ्यावी. कागदावरच्या टक्क्यांपेक्षा ती स्वस्त पडते.

देखभालीची वेळ आधी किती दिवस कळवणार आणि महिन्यात एकूण किती तास, एवढं विचारा.

सहावी पायरी: मोजणारा कोण

रिपोर्ट कंपनीचा, मोजणारी यंत्रणा कंपनीची, निकालही कंपनीचाच. भांडायची गरज नाही, पण स्वतःची नोंद ठेवा. लाइन दर मिनिटाला तपासून बंद पडल्याची वेळ लिहिणारी फुकट सॉफ्टवेअर मिळतात, जुन्या कॉम्प्युटरवरही चालतात. तेही नको असेल तर काउंटरवर शंभर पानी वही: तारीख, बंद, चालू, तिकीट नंबर, सही. एका नर्सिंग होमच्या रिसेप्शनवरच्या ताईंनी अशी वही आठ महिने ठेवली होती. कंपनीच्या अधिकाऱ्यासमोर ती ठेवल्यावर बैठक दहा मिनिटांत संपली.

आमच्या धंद्यात कलिंगडी रिपोर्ट म्हणतात: वरून सगळं हिरवं, कापलं की आत लाल. सर्व्हर चालू होता म्हणून हिरवा. लॉगिनला चार मिनिटं लागत होती आणि काउंटरवर रांग होती, ते कुठल्याच रकान्यात नाही. म्हणून मोजमाप तुमच्या टेबलावरून व्हावं: बिल निघतं का, रिपोर्ट उघडतो का.

सातवी पायरी: चुकलं तर काय मिळतं

इथे अपेक्षा खाली आणा. बहुतेक एसएलएत नुकसानभरपाई नसते, सर्व्हिस क्रेडिट असतं, म्हणजे पुढच्या बिलात सूट. अ‍ॅमेझॉनच्या ईसी२ या भाड्याच्या सर्व्हरांचा जाहीर करार नमुना म्हणून वाचण्यासारखा आहे. अनेक झोनमध्ये (वेगवेगळ्या डेटा सेंटरांत) पसरलेल्या मांडणीला ९९.९९ टक्के, एकट्या सर्व्हरला ९९.५. पसरलेल्या मांडणीत ९९.९९ च्या खाली आलं पण ९९ च्या वर राहिलं तर १० टक्के क्रेडिट, ९९ च्या खाली ३० टक्के, ९५ च्याही खाली गेलं तर पूर्ण. आणि ते आपोआप मिळत नाही. ठरलेल्या मुदतीत, पुराव्यासह मागावं लागतं. मागितलं नाही की गेलं.

समजा लाइनचं भाडं महिना १२,००० रुपये. दहा टक्के म्हणजे १,२००. ट्रक एक दिवस उशिरा गेल्याने बसलेला फटका त्यात भरून निघणार नाही. मग करारात 'हा एकमेव उपाय' असे शब्द आहेत का ते शोधा. असतील तर त्यापलीकडे मागणं अवघड होतं. भारतीय करार कायदा १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. कोर्ट त्या मर्यादेत वाजवी भरपाई देतं. 'दर तासाला एक लाख दंड' लिहून घेतलं म्हणून तेवढे हातात पडत नाहीत. व्यापारी कारणासाठी घेतलेली सेवा ग्राहक आयोगापुढेही सहसा टिकत नाही. म्हणून मी क्रेडिटच्या टक्क्यांवर घासाघीस करत नाही. मी मागतो ते बाहेर पडायचं दार: सलग दोन महिने किंवा वर्षात तीनदा एसएलए चुकला, तर दंड न भरता करार सोडण्याचा हक्क. समोरचा कशाला बिचकत असेल तर त्याला.

आठवी पायरी: उद्या तुम्हीच देणारे असाल तर

माझी एक चूक सांगतो. धंद्याच्या सुरुवातीला चिंचोळी एमआयडीसीतल्या एका युनिटला मी 'दोन तासांत दुरुस्ती' लिहून दिलं. माझ्याकडे एक मुलगा आणि एक मोटरसायकल. तो होटगी रोडला एका कामात अडकलेला असताना चिंचोळीचा सर्व्हर बसला. मी स्वतः गेलो, पॉवर सप्लाय जळाला होता. तो पार्ट गावात नव्हता. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने मागवला, सकाळी आला. दोन तासांचे सोळा झाले. मालक भले होते, एवढंच म्हणाले, "कशाला लिहून द्यायचं हो, जमत नव्हतं तर?"

तेव्हापासून दिलेला शब्द मागे किती लोकांवर टेकलाय ते आधी मोजतो. पार्टवाल्याची मुदत चोवीस तास असेल तर मी ग्राहकाला दोन तास देऊ शकत नाही, नाहीतर तो पार्ट माझ्या कपाटात हवा. आता मी 'दोन तासांत माणूस हजर, आठ तासांत तात्पुरती सोय, छत्तीस तासांत कायमची दुरुस्ती' असं तीन तुकड्यांत लिहितो.

देणाऱ्यानेही आपली बाजू लिहावी: ग्राहकाकडून एक नाव आणि एक पर्यायी नाव, गेटवर अडवणूक नको, सर्व्हरला चालणारा यूपीएस, आणि पैसे. नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघू उद्योग असाल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी पैसे चुकते करण्याची मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त लांबवता येत नाही. आपल्याकडे उधारीचे वायदे दिवाळी ते दिवाळी चालतात, ती गोष्ट वेगळी.

सही करण्याआधी

पहिल्यांदाच करार करत असाल तर इतकंच कलम त्यांच्यापुढे ठेवा, शब्द बदलले तरी चालतील:

'ग्राहकाने मेल किंवा अ‍ॅपवरून तिकीट नोंदवल्याच्या क्षणापासून वेळ मोजली जाईल. तास म्हणजे सुट्ट्यांसह सर्व दिवसांचे घड्याळी तास. बिलिंग पूर्ण बंद असल्यास ती पी१ तक्रार समजली जाईल व ___ तासांत सेवा पूर्ववत केली जाईल. ग्राहकाच्या लेखी खात्रीनंतरच तिकीट बंद होईल. मासिक अहवाल पुढील महिन्याच्या ७ तारखेपर्यंत दिला जाईल.'

पहिले तीन महिने अहवाल आणि आपली वही शेजारी ठेवून बघा. चौथ्या महिन्यात एकदा समोरासमोर बसा, फोनवर नको.

त्या टॉवेल कारखान्याचा करार नूतनीकरणाला आला तेव्हा आम्ही रिकाम्या जागेत सहा तास भरले. भाडं थोडं वाढलं. विक्री प्रतिनिधी गोंधळला. "मालक, आधी चार तास होते, तुम्ही सहा का मागताय?" मालकांनी चष्मा लावला, सातवं पान उघडलं आणि त्याला बोट ठेवून वाचून दाखवलं.